बाळंतिणीचा संताप आणि तिच्या हातची कला

बाळंतीण रडली तर समाजाला एक वेळ चालते. ती संतापली तर मात्र चालत नाही. रडली तर अशक्तपणा आला म्हणून डिंकाचे लाडू पुढे केले जातात. संतापली तर 'हिला पोटच्या पोराची माया नाही' असा निवाडा होतो. वाशीम जिल्ह्यात रिसोडकडची शेतमजूर स्त्री असो की कारंजा शहरातली नोकरदाराची पत्नी, हा निवाडा दोघींनाही सारखाच लागू आहे. म्हणून दोघीही गप्प बसतात. या गप्प बसण्याची किंमत काय आणि ती कोण मोजतो, हा केवळ घरगुती प्रश्न नव्हे.

हा संताप येतो कोठून? रात्रीची झोप तुटलेली, अंग ठणकणारे, दूध पाजण्याला वेळकाळ नाही, आणि त्याच वेळी चूल, पाणी, धुणे यांतून सुटका नाही. सव्वा महिना सरतो न सरतो तोच सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी समोर उभी राहते. मजुरी बुडवणे परवडत नाही. मुलगी झाली असेल तर टोमण्यांची भर. बाप झालेल्या पुरुषाचा दिनक्रम मात्र पूर्वीइतकाच मोकळा राहतो. अशा स्थितीत येणारा संताप हा स्वभावाचा दोष नाही. त्यात श्रमाचा एक हिशेब आहे. काम कोणी किती केले आणि विश्रांती कोणाला किती मिळाली, याची ती नोंद आहे.

परंतु नोंद अचूक असली तरी तिचे ओझे जीवघेणे असते. वाट न मिळालेला संताप बहुधा सर्वांत दुबळ्या जीवावर, म्हणजे तान्ह्या बाळावर किंवा स्वतःवर उलटतो. भारतातील ३८ अभ्यासांचा आणि २०,०४३ मातांचा एकत्रित आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रसूतीनंतरच्या औदासीन्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे पाच मातांत एकीहून थोडे अधिक आहे. सततची चिडचिड हेही या आजाराचे एक रूप असू शकते. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर विलंब न लावता डॉक्टरकडे नेले पाहिजे. तेथे दुसरा उपाय नाही. परंतु ज्या असंख्य स्त्रिया त्या टोकाच्या अलीकडे धुमसत राहतात, त्यांचे काय?

मराठी स्त्रीने या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी शोधले होते. जात्यावरची ओवी ही केवळ देवाची आणि माहेराची स्तुती नव्हती. सासूचा जाच, नवऱ्याची बेपर्वाई, बाईच्या जन्माची तक्रार हे सारे तीत आले. उघड बोलले तर मार बसेल, तेच ओवीत घातले की कोणी जाब विचारत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील गरिबांत संघटनेचे काम करता करता अशा ओव्या जमवण्यास आरंभ केला. हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. संघटना बांधणाऱ्यांना बायकांची गाणी महत्त्वाची वाटली, ही गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुढे पिठाची गिरणी गावोगाव आली. ते चांगलेच झाले. जाते ओढण्याच्या कष्टाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु गिरणीने वाचवलेला वेळ स्त्रीच्या हाती पडला नाही. तो इतर कामांनी गिळला. श्रम गेले, त्यासोबत पहाटेची ती घटका गेली आणि शेजारी बसून दुसरी कडवी जोडणारी जाऊ-नणंदही गेली. संताप तेवढा राहिला.

सुईदोऱ्याची कथाही अशीच आहे. जुन्या लुगड्यांचे थर जुळवून बाळासाठी दुपटे शिवणारी बाई रंग, आकार आणि टाक्यांची लय स्वतः ठरवते. दिवसभर दुसऱ्यांच्या हुकमावर चालणाऱ्या तिच्या हातांना तेवढ्यापुरते स्वराज्य मिळते. पोहरादेवीमुळे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान ठरलेल्या या जिल्ह्यातील तांड्यांत आरसे आणि कवड्या जडवलेल्या भरतकामाची परंपरा आहे. सासरी निघालेल्या मुलीच्या आक्रोशाला 'ढावलो' हा गीतप्रकार आहे. दुःखाला रूप देण्याची साधने या मातीत आहेत. ती बाहेरून आणावी लागत नाहीत.

या साधनांचे बळ किती, हे एका दूरच्या उदाहरणावरून दिसेल. न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन युकेलिस या शिल्पकार स्त्रीला १९६८ साली मूल झाले आणि तिचा सारा दिवस लंगोट, भांडी आणि झाडझूड यांत जाऊ लागला. १९६९ साली तिने संतापाच्या भरात एक जाहीरनामा लिहिला : जग चालू ठेवणारे हे निगराणीचे काम हीच आता आपली कला. १९७३ साली तिने हार्टफर्ड येथील संग्रहालयाच्या पायऱ्या धुतल्या आणि त्या धुण्यालाच कलाकृती म्हटले. पुढे १९७९-८० मध्ये तिने न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी हस्तांदोलन करून त्यांचे आभार मानले. एका बाळंतिणीचा संताप कलेच्या वाटेने कामगारांच्या सन्मानापर्यंत पोचला. कलेने तो विझवला नाही. त्याला दिशा दिली.

इंग्लंडमध्ये प्रसूतीनंतरच्या औदासीन्याची लक्षणे असलेल्या १३४ मातांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही माता दहा आठवडे बाळांसह गटाने गायल्या, काही सर्जक खेळांत रमल्या, उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. शेवटी तिन्ही गट सुधारले. पण लक्षणे तीव्र असलेल्या मातांमध्ये गाणाऱ्या लवकर सावरल्या. हा अभ्यास औदासीन्याचा होता, संतापाचा नव्हे. तरीही एकत्र बसून गाण्यात दिलासा आहे, हे जात्यावरच्या बायांचे ज्ञान त्याने प्रयोगाने दाखवले.

येथे दोन आक्षेप येतील. एक म्हणेल, पोटाची खळगी भरत नाही तेथे कला कसली? त्याला उत्तर असे की ओवी रचणाऱ्या बाईच्या घरीही धान्याची रास नव्हती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाईच्या हाती रंग आणि सुई देऊन तिला शांत करायचे आणि घराची घडी तशीच ठेवायची, हा कावा नव्हे काय? कलेला रजेच्या, मजुरीच्या आणि नवऱ्याच्या जबाबदारीच्या जागी बसवले, तर तो कावाच ठरेल. म्हणून दोन्ही मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. सोंगणीला जाणाऱ्या स्त्रीला रजा कोण देणार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० च ठरले.

वाशीम हा २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या तक्त्यात रुग्णालयातील प्रसूती आणि नवजात बालकाचे वजन मोजले जाते. आईच्या मनाला तेथे रकाना नाही. आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत बाळंतिणीच्या घरी सहा वेळा जाते. 'तुला राग येतो का?' हा प्रश्न ती विचारू शकेल. मात्र अल्प मानधनावर राबणाऱ्या तिच्यावर हे काम फुकट लादता कामा नये.

गावातील कार्यकर्त्यांना आजच करता येण्याजोगे काम साधे आहे. आठवड्यातून एक दुपार समाजमंदिर किंवा अंगणवाडीची खोली बाळंतिणींसाठी मोकळी करावी. चिंध्या, सुई-दोरा, कागद आणि रंग ठेवावेत. जुन्या ओव्या येणाऱ्या म्हाताऱ्या बायांना बोलवावे. आणि त्या दुपारी बाळ बापाच्या मांडीवर असावे. यातील शेवटची अट सर्वांत कठीण आहे. ती पुरी करण्याचा आरंभ कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरापासून केला, तरच इतरांना ती सांगण्याचा अधिकार त्यांना प्राप्त होईल.