वेडा मांत्रिक कोणासाठी राबतो? : ‘फूंक’ आणि भयपटांतली जात

‘फूंक’ थिएटरात एकट्याने बसून बघून दाखवा आणि पाच लाख रुपये घेऊन जा, असं आव्हान रामगोपाल वर्मांनी 2008 साली दिलं होतं. जाहिरातबाजीचा भाग सोडून देऊ. सिनेमा कमी पैशातला. हिंदी प्रेक्षकाच्या ओळखीचा बडा स्टार नाही, परदेशातलं गाणं नाही. एक घर, एक आजारी मुलगी, एक कावळा आणि एक मांत्रिक, एवढ्यावर काम भागवलं आणि सिनेमा चालला. आजही मोबाईलवर चालतो. आमच्या अभ्यासिकेत येणारी पोरं त्यातले प्रसंग आवाजासकट करून दाखवतात. भूतप्रेताचे इतके नवे सिनेमे येत असताना हा जुना कशाला उकरता, असं कुणी विचारेल. कारण साचा इथे उघडा दिसतो. पैसा कमी असला की झाकायलाही कमी मिळतं.

गोष्ट अशी. राजीव हा इमारती बांधणारा सुखवस्तू माणूस, देव न मानणारा. साइटवर गणपतीच्या आकाराचा दगड सापडतो, मजूर म्हणतात मंदिर बांधा, हा नकार देतो. पुढे मधू आणि अंशुमन या विश्वासातल्या दोघांनी आपल्याला फसवल्याचं त्याला कळतं, तो त्यांना अपमान करून हाकलतो. मधू सूड म्हणून करणी करते. राजीवची लहान मुलगी रक्षा ओळखू येणार नाही अशी वागू-बोलू लागते. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ हात टेकतात. मग मित्र त्याला मंजा नावाच्या मांत्रिकाकडे नेतो. शेवटी मधू मरते आणि मुलगी बरी होते. नास्तिकाची खोड मोडते हे वेगळं सांगायला नको.

यावर ‘अंधश्रद्धा पसरवणारा सिनेमा’ असा शिक्का मारून विषय संपवता येतो. पुष्कळांनी तेव्हा तो मारलाही. आम्हाला एवढ्याने समाधान नाही. अंधश्रद्धा हवेतून पसरत नाही. ती कुणीतरी कुणाकडून तरी करवून घेतं. म्हणून आमचा प्रश्न सरळ आहे : मंजा कोण आहे?

झाकीर हुसेनने रंगवलेला हा मांत्रिक विक्षिप्त आहे. त्याचं ध्यान, नजर, तुटक बोलणं सगळं भेसूर. सभ्य माणूस एरवी त्याला दारात उभं करणार नाही. सिनेमा त्याची जात सांगत नाही, सांगण्याची गरजच पडत नाही. आता याच्या शेजारी एक वर्ष आधीचा ‘भूलभुलैया’ ठेवा. तिथे विक्रम गोखले आचार्य होऊन येतात. स्वच्छ वस्त्रं, संथ वाणी, शास्त्राचा अधिकार. घरातले सगळे उठून उभे राहतात, मानसोपचारतज्ज्ञसुद्धा त्यांना गुरू मानतो. आणि ‘फूंक’च्याच वर्षी आलेला विक्रम भट्टचा ‘1920’ बघा. तिथे ख्रिस्ती पाद्री हरतो आणि श्रद्धा सोडून बसलेला नायक हनुमान चालीसा म्हणून बायकोला सोडवतो. भूत तिन्हीकडे उतरतं. पण पोथीवाल्याने उतरवलं की ती विद्या, आणि वेशीबाहेरच्याने उतरवलं की ती अघोरी करामत. पहिल्याच्या पाया पडायचं, दुसऱ्याला भाड्याने आणायचं.

गावगाड्यात हेच होतं. मेलेलं जनावर ओढायला महार, सरणाची लाकडं वाहायला महार, मयताची खबर गावोगाव पोचवायला महार. साथ आली की मरीआईचा कोप गावाबाहेर नेऊन सोडायला पोतराज, आसूड स्वतःच्या अंगावर मारून घेणारा. गावाची घाण, गावाचं मरण आणि गावाची भुतं, तिन्ही एकाच दिशेने ढकलली जायची. ज्याच्या हातून हे काम करून घ्यायचं त्यालाच मग अपवित्र म्हणायचं. गटारात उतरणाऱ्याचं आज जे होतं तेच. राजीवच्या घरात मंजा नेमका या वाटेने शिरतो. सुशिक्षित घराला त्याचं काम हवं आहे, तो नको आहे. म्हणून तो भीतिदायक दाखवावा लागतो. बाबासाहेबांनी 1936 साली मुंबईत पोतराज, जोगतिणी, देवदासींसमोर बोलताना हा धंदा सोडा असं बजावलं होतं, ते देवभोळेपणावरच्या रागापुरतं नव्हतं. ही कामं म्हणजे गुलामीचाच एक हप्ता आहे, हे त्यांना दिसत होतं. आमचे काही तरुण मित्र वस्तीतल्या म्हाताऱ्या देवरुषाची टिंगल करण्यात पुरुषार्थ मानतात. त्यांनी हे जरा वाचावं.

आता वेडाबद्दल. या सिनेमात दोन माणसांचं मन थाऱ्यावर नाही. मुलीचं बिघडतं, तर सिनेमा म्हणतो तो आजार नाही, करणी. मांत्रिकाचं वागणं थाऱ्यावर नाही, तर तोही आजार नाही, सिद्धी. म्हणजे आजार नावाची गोष्ट उरतच नाही. डॉक्टर पडद्यावर येतो तो फक्त हरण्यासाठी. पटकथेची ही जुनी सोय आहे : आधी दवाखाना दाखवायचा, तो अपुरा पडला असं दाखवायचं, आणि प्रेक्षकाने ‘आम्ही विज्ञानही करून पाहिलं’ असं समाधान मानायचं.

प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे बाई आधी देवरुषाकडे जाते, मग दर्ग्यात, मग दुसऱ्या भगताकडे. दवाखाना शेवटी येतो, आणि तोवर दागिना गहाण पडलेला असतो. एका मुलीला फिट येत होती. वर्षभर तिच्या कपाळाला अंगारा लागला. सरकारी दवाखान्यातली गोळी सुरू झाल्यावर ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. यात चमत्कार काही नव्हता, म्हणूनच त्यावर सिनेमा निघणार नाही. आईला आम्ही अडाणी म्हणत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने 2015-16 मध्ये सांगितलं की, मानसिक आजार असलेल्यांपैकी 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत, आजारागणिक कमीजास्त, उपचार पोचतच नाहीत. दवाखाना लांब आहे आणि भगत गल्लीत आहे. मंजाचं दुकान चालतं ते या अंतरावर. आणि हे अंतर कुठे नेतं ते 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत दिसलं. ‘बाधा’ उतरावी म्हणून आणलेल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. आग लागली, पळता आलं नाही, 28 माणसं मेली. बांधून ठेवणं आता 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बेकायदा आहे. सिनेमात मात्र आजाऱ्याला पलंगाला बांधलं की पार्श्वसंगीत वाढतं आणि आपण श्वास रोखतो.

सर्वांत गंभीर गोष्ट मधूची. तिने फसवलं असेल, तो पोलिसांचा विषय आहे. पण सिनेमा तिला चेटकीण ठरवतो, मांत्रिक बोट दाखवतो, आणि तिच्या मरणाने घर शुद्ध होतं. हसतखेळत पाहिलेल्या या शेवटाचा अर्थ सातपुड्यात विचारा. नंदुरबारच्या पाड्यांवर बाईला ‘डाकीण’ ठरवणारा आधी भगतच असतो. पोर आजारी पडतं, भगत नाव घेतो, नाव बहुधा एकट्या बाईचं, विधवेचं, जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे तिचं असतं. पुढचं गाव करतं. बिहारने 1999 मध्ये, झारखंडने 2001 मध्ये, छत्तीसगडने 2005 मध्ये यासाठी वेगळे कायदे केले, ते काही भुतांची हौस म्हणून नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाला खुनाच्या कारणांमध्ये ‘जादूटोणा’ असा रकाना ठेवावा लागतो. ‘फूंक’चा शेवट त्या रकान्यातला आहे, फक्त तिथे त्याला सुखान्त म्हणतात.

‘मनोरंजन आहे हो, इतकं काय मनावर घेता’ हे आम्हाला पाठ आहे. ‘झपाटलेला’ बघून आम्हीही वाढलो, तात्या विंचूला घाबरलो आणि हसलोही. भुताच्या गोष्टीशी आमचं भांडण नाही, आणि बंदीची मागणी तर आम्ही मुळीच करत नाही. बंदी मागण्याची सवय दुसऱ्यांची आहे आणि तिचा फटका आपल्या पुस्तकांना, आपल्या नाटकांना बसतो हे आपण जाणतो. भांडण आहे ते सोंगाशी. भूत असू द्या, पण गुन्हेगार ठरवायला बाई, राबायला वेशीबाहेरचा आणि सुटका मात्र बंगल्यातल्या कुटुंबाची, ही वाटणी भुताने केलेली नाही.

‘फूंक’ आला तेव्हा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात लटकलेला होता. तो व्हायला 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून व्हावा लागला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, दोराने किंवा साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं याबद्दल आहे. एखाद्या व्यक्तीने करणी केली असं जाहीर करणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. म्हणजे आपल्या राज्यात आज मंजाला आणि त्याला घरी बोलावणाऱ्यालाही तुरुंगाची वाट आहे. व्यवहारात पकडला जातो तो मंजाच. गाडी पाठवून त्याला आणणारा राजीव साक्षीदार होतो, तेही वाट चुकून ठाण्यापर्यंत पोचलाच तर.

कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. वाचकांना आमची विनंती : आपापल्या ठाण्यात जाऊन हा अधिकारी कोण, एवढं लेखी विचारा आणि मिळालेलं नाव विहाराच्या फलकावर लावा. त्याखाली मानसिक आरोग्यासाठी सरकारने 2022 मध्ये सुरू केलेला टेलिमानसचा फुकट क्रमांक लिहा, 14416. पुढच्या रविवारी पोरांना ‘फूंक’ दाखवणार आहोत, मधू मरते तिथे थांबवणार आहोत, आणि तिच्या बाजूने कोण बोलतं ते बघणार आहोत.