फिल्टर म्हणजे नुसती गाळणी नव्हे

दिवाळीची साफसफाई निघाली की पंखे, माळे आणि पडद्यांबरोबर घरातली माशांची टाकीही धुवायला घेतली जाते. काचा घासल्या जातात, सगळे पाणी बदलले जाते आणि फिल्टरमधला चिकट, तपकिरी स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पिळून काढला जातो. टाकी नव्यासारखी चकाकते. मग दोन-तीन दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात आणि एकेक करून मरतात. ‘पाणी मानवले नाही’ असे म्हणून आपण नवे मासे आणतो. बऱ्याचदा खरे कारण त्या धुतलेल्या स्पंजात असते.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे काचेसारखे नितळ पाणीही माशांसाठी विष असू शकते. हे विष नाहीसे करतात ते जिवाणू. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही घातकच, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे काम दोन गटांत वाटलेले असते, असे विज्ञान शतकभर मानत आले. २०१५ मध्ये ही दोन्ही कामे एकटा करणारा नायट्रोस्पायरा जिवाणू सापडला, आणि त्याचा एक नमुना मत्स्यपालन केंद्राच्या फिल्टरमधूनच मिळाला होता. स्पंजावरच्या त्या तपकिरी थरात हीच वस्ती असते. नळाच्या पाण्यातले क्लोरिन जंतू मारण्यासाठीच घातलेले असते. त्याला आपले-परके कळत नाही.

छोट्या टाकीत ही चूक एखाद-दुसऱ्या माशावर भागते. मोठ्या टाकीत तसे होत नाही. ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच टाकीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते. एवढे पाणी आहे म्हणून आपण निर्धास्त होतो आणि ऑस्करसारखे खादाड मासे सोडतो. त्यांना दिवसाला २० ग्रॅम खाद्य लागले असे धरू. मत्स्यपालनातला ढोबळ हिशेब असा की एक किलो खाद्यामागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया तयार होतो. म्हणजे आपल्या टाकीत रोज ६०० मिलिग्रॅम, लिटरमागे जवळपास ०.९ मिलिग्रॅम. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला की या अमोनियातला विषारी वाटा जवळजवळ दसपट होतो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातले बोअरवेलचे पाणी अनेकदा याच बाजूला झुकलेले असते. त्यामुळे फिल्टर निवडताना खोक्यावरचा ‘इतक्या लिटरसाठी’ हा आकडा पुरेसा नाही. माशांना रोज किती खायला घालणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

माझ्या मते, आपल्याकडच्या मोठ्या टाकीसाठी बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरपेक्षा सम्प बरा. सम्प म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी, उघडी टाकी. वरचे पाणी नळीने तिच्यात उतरते आणि पंप ते परत वर चढवतो. कॅनिस्टर आवाज कमी करतो आणि जागाही कमी अडवतो, हे खरे. पण जिवाणूंनाही श्वास लागतो. अमोनियातल्या १ ग्रॅम नायट्रोजनचे नायट्रेट करायला त्यांना साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू लागतो. वीज गेली की बंद डब्यातला प्राणवायू काही तासांत संपतो, आतली वस्ती गुदमरते आणि वीज आल्यावर ते सडके पाणी थेट माशांवर येते. सम्प उघडा असतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप वरच्या टाकीत आणि दुसरा सम्पमध्ये सोडला की मासे आणि जिवाणू दोघेही तगतात.

सम्प कोणताही काच कारागीर बनवून देतो, रचना मात्र आपण सांगावी. वरून उतरणारे पाणी आधी फिल्टरच्या कापसातून जावे, मग जाड स्पंज आणि सिरॅमिक रिंगांमधून, आणि शेवटी पंपाकडे. कापूस ही खरी गाळणी. तो दर आठवड्याला धुवावा किंवा बदलावा. स्पंज आणि रिंगा ही जिवाणूंची घरे. पाणी अडू लागले तरच ती टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळावीत, आणि तीही एका वेळी निम्मीच. पंपाने तासाला सगळे पाणी चार-पाच वेळा फिरवावे, म्हणजे इथे सुमारे ३००० लिटर. खोक्यावरचा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो, म्हणून पंप थोडा मोठाच घ्यावा. सम्पमध्ये रिकामी जागाही राखावी. परतीच्या नळीचे तोंड वरच्या पाण्यात २ इंच बुडालेले असेल, तर वीज जाताच सुमारे ५७ लिटर पाणी उलटे खाली येते. जागा नसेल तर ते दिवाणखान्यात पसरते. पृष्ठभागाच्या जरा खाली नळीला बारीक भोक पाडले की हवा शिरून हा उलटा प्रवाह लवकर तुटतो.

एवढे करूनही नायट्रेट साठतच राहते, त्यामुळे आठवड्याला साधारण पाव टाकी पाणी बदलणे चुकत नाही. नवे पाणी क्लोरिन काढूनच घालावे.

माझा खरा आक्षेप ‘आज टाकी, आजच मासे’ या विक्रीला आहे. नव्या फिल्टरमध्ये जिवाणूंची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता मोजून अमोनिया घालावा, किंवा निरोगी जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज आणून ठेवावा. घातलेला अमोनिया २४ तासांत संपतो आणि नायट्राइटही शून्य येते, हे चाचणी संचावर दिसल्यावर थोडे थोडे मासे आणावेत. दुकानदाराने ही वाट पाहायला सांगितले पाहिजे, आणि त्याने नाही सांगितले तर ग्राहकाने विचारले पाहिजे. फुलदाणीतली फुले कोमेजली की आपण बदलतो. हॉटेलांच्या आणि रुग्णालयांच्या दर्शनी भागात, आणि आपल्या घरीही, मासे तसेच बदलले जातात. वर्षानुवर्षे जगू शकणारा जीव महिन्याभरात मरत असेल, तर तो माशाचा कमकुवतपणा नव्हे. आपण घर तयार होण्याआधीच त्याला राहायला बोलावले, एवढाच त्याचा अर्थ.