शिकाऊ मास्तरणीची हजेरी कोण भरणार?

डॉकात कामाला लागलो त्या दिवशी मला कुणी पुस्तक दिलं नाही. मुकादमानं एका म्हाताऱ्या गड्याशेजारी उभं केलं आणि म्हणाला, याचे हात बघ. म्हाताऱ्यानं दिवसभरात तीनच गोष्टी सांगितल्या. लटकत्या लोडाखाली उभं राहायचं नाही. दोर ताणला की मागं सरायचं. आणि घाई करणाऱ्याच्या शेजारी काम करायचं नाही. संध्याकाळी माझी हजेरी लागली. नवा आहे, शिकतोय, म्हणून पैसे कापले नाहीत. कापले असते तर दुसऱ्या दिवशी मी गेलोच नसतो. जाणार कसा? घरात चूल आहे.

काम कामावरच शिकता येतं, आणि शिकणाऱ्यालाही पोट असतं. एवढी साधी गोष्ट मुकादमाला कळते. ती शिक्षणखात्याला कळत नाही, का कळूनही वळत नाही, त्याबद्दल हे लिहितोय.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर गेलो होतो. तिथून वर्ध्याला मावशीकडं. मावशी सिंदी मेघेत राहते. सिंदी रेल्वे वेगळी, ती सेलू तालुक्यात. ही सिंदी वर्धा शहराला चिकटलेली. शहर कुठं संपलं आणि सिंदी कुठं लागली ते कळत नाही. मावशीची पोरगी डी.एल.एड. करतेय. म्हणजे जुनं डी.एड., दोन वर्षांची पदविका. त्यात कॉलेजात बसून शिकायचं, आणि खऱ्या शाळेत जाऊन शिकवायचंही. त्याला आंतरवासिता म्हणतात, जुने लोक छात्रसेवाकाल म्हणतात. आदल्या दिवशी पाठाचं टाचण काढायचं, मार्गदर्शक शिक्षकाला दाखवायचं, वर्गावर पाठ घ्यायचा, शेरा घ्यायचा.

या पद्धतीला माझा विरोध नाही. उलट मास्तर तयार करायचा तर असाच करावा. बालमानसशास्त्राच्या गाईडावरून पास झालेला मास्तर आणि पोहण्याचं पुस्तक वाचून समुद्रात उतरलेला माणूस, दोघांची गत एकच. माझं भांडण दुसरंच आहे. पोरगी शाळेत जाण्याआधी एका कापड दुकानात कामाला होती. शाळेची वेळ आणि दुकानाची वेळ एकच. दुकान सुटलं. मालक म्हणाला, तुझी जागा किती दिवस रिकामी ठेवू? घरातली एक मजुरी बंद, आणि वर तक्ते, कार्डशीट, जायचं-यायचं भाडं, कॉलेजची फी. मावशीनं बचतगटातून कर्ज काढलं. सावित्रीबाईंच्या नावानं भाषणं ठोकणाऱ्या या राज्यात एका मास्तरणीचं शिक्षण बचतगटाच्या व्याजावर चाललंय.

आता शाळेतलं ऐका. आजूबाजूचीच एक शाळा. पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. सांगितल्यावर एक बाई म्हणाल्या, तुमचं बरं आहे, तुम्हाला सरकार देतं. सरकार काय देतं आणि कधी देतं ते मावशीच्या बचतगटाला विचारा. शिष्यवृत्तीचा पैसा येतो तेव्हा येतो. सावकाराची तारीख मात्र चुकत नाही. त्या शाळेत एक जागा रिकामी होती. चार दिवसांनी तो वर्ग या पोरीच्या गळ्यात टाकला. हजेरीपट, पोषण आहाराची नोंद, मोबाईलवर भरायची माहिती, सगळं तिच्याकडं. पगाराचं विचारलं तर ती शिकाऊ. वर्ग सांभाळताना मात्र शिकाऊ नाही. डॉकात असा डाव टाकणाऱ्या ठेकेदाराला आम्ही काय म्हणतो ते इथं छापता येणार नाही.

एक दिवस गणिताचा पाठ होता, गुणाकाराचा. टाचणात उदाहरण: एका फुलदाणीत आठ गुलाब, तर सहा फुलदाण्यांत किती? पोरं गप्प. फुलदाणी कुणाच्या घरात आहे? पोरीनं टाचण बाजूला ठेवलं. विचारलं, तुझी आई दिवसाला किती कापूस वेचते? एक मुलगी म्हणाली, तीस किलो. किलोमागं दहा रुपये धरले तर? अख्खा वर्ग ओरडला, तीनशे! मागून एक पोट्टा उठला, पण बाई, काट्यावर दोन किलो खाते ना तो माणूस! मग किती? दोनशे ऐंशी. गुणाकार झाला, वजाबाकी झाली, आणि लूट म्हणजे काय तेही झालं. एकाच तासात.

शेरा आला: "पाठ टाचणानुसार नाही. विषयांतर." गुण कापले.

ती मला म्हणाली, "भाऊ, म्या त काही नवं नाही शिकवलं. पोट्ट्यायलेच सारं येत होतं. फक्त कोणी विचारून नव्हतं राहिलं."

दोस्तांनो, हे वाक्य ऐकलं आणि मला जोतिबा आठवले. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी जे निवेदन दिलं त्यात हेच मांडलंय. प्राथमिक शाळांतले मास्तर बहुतेक सगळे ब्राह्मण, त्यांना शेतकऱ्याच्या पोरांची कळ नाही. म्हणून मास्तर कष्टकरी जातींतूनच तयार करा, वेळ पडली तर नांगराला हात घालतील असे. आणि त्यांना पगार द्या, बारा रुपयांच्या खाली नको, असंही जोतिबांनी सांगितलं. जोतिबांच्या डोक्यात प्रशिक्षण आणि पगार वेगळे नव्हते. आपल्या जयंतीच्या भाषणांत पहिलं येतं, दुसरं गळतं.

सावित्रीबाई तरी कशा शिकल्या? घरी जोतिबांकडं, आणि मग नगरच्या फरारबाई आणि पुण्याच्या मिचेलबाई यांच्याकडं अध्यापनाचे धडे घेतले. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी, पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलात शिकून पलटणीच्या शाळेत हेडमास्तर झाले. म्हणजे जिथं जिथं आपल्या माणसाला मास्तरकी शिकायला दार उघडलं, तिथं मागं कुणीतरी उभं होतं. कुणामागं नवरा, कुणामागं मिशन, कुणामागं पलटण. पुढं सरकारनं महारांची भरती थांबवली आणि पलटणीचं ते दारही बंद झालं. दार असणं आणि दारातून आत जाण्याची ऐपत असणं या दोन गोष्टी आहेत.

आता वर्ध्याचंच बघा. याच गावात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला शिक्षण परिषद भरली. गांधी अध्यक्ष. सात वर्षं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि मधोमध एक हस्तोद्योग. तीच नई तालीम. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला, पुढं सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघानं शिक्षक तयार केले. हाताला काम शिकवा, असं म्हणणं होतं. अरे, आमच्या हाताला काम शिकवायची गरज कधी होती? चामडं सोललं, दोर वळला, रस्ते फोडले. आम्हाला हवी होती ती लेखणी. सूतकताई त्यांना शिकवा ज्यांच्या सात पिढ्यांनी कशाला हात लावला नाही.

पण तेवढ्यानं विषय संपत नाही. त्या परिषदेच्या ठरावात एक अपेक्षा होती: या पद्धतीतून हळूहळू मास्तरांचं वेतन निघेल. म्हणजे पोरांच्या हातच्या कामातून. मास्तरला पैसे कोण देणार, हा प्रश्न वर्ध्यात तेव्हाच निघाला होता, आणि उत्तर काढलं ते पोरांच्या बोटांतून. आज प्रश्न तोच आहे. उत्तर बदललंय. आता शिकाऊ मास्तरणीच्या घरानं द्यायचे.

म्हणे शिक्षण हे पवित्र काम आहे, त्यात पैसा काय मागता! पवित्र काम आम्हाला पिढ्यान् पिढ्या माहिती आहे. गाव झाडायचं तेही धर्माचंच काम होतं, आणि त्याचीही मजुरी नव्हती, शिळा तुकडा होता. आणि इतर ठिकाणी काय चालतं? १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, कारखान्यात शिकाऊ पोराला विद्यावेतन द्यावं लागतं. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षात इंटर्नला विद्यावेतन मिळतं. २०२४ साली याच राज्य सरकारनं युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली: सहा महिने काम शिका, बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८, पदवीवाल्याला १० हजार. मग तिजोरीत पैसा नाही असं कसं म्हणता? तिकडं इंग्लंडात २०१२ पासून शाळेतच शिक्षक घडवण्याची योजना आली, त्यात शिकताना पगार घेण्याचीही एक वाट ठेवली होती. जगात कुठं घडत नाही असं काही आम्ही मागत नाही.

आणि आंतरवासिता संपली म्हणजे सुटलो असंही नाही. पुढं टीईटी. त्यानंतर भरतीची अभियोग्यता चाचणी. ती २०१७ ला झाली आणि मग एकदम २०२३ ला. मधली पाच वर्षं पोरांनी काय खायचं? २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं पुढं उघड झालं, सात हजारांहून जास्त उमेदवार त्यात सापडले. ज्याच्याकडं पैसा होता त्यानं गुण घेतले, आमच्या पोरी टाचणं काढत बसल्या. एवढ्यातून नोकरी लागलीच तर २००० सालापासून शिक्षणसेवक आहेच, तीन वर्षं मानधनावर. प्राथमिकला ते महिना ६ हजार होतं, २०२३ ला १६ हजार झालं. वाढलं ते भांडून वाढलं. आणि आता २०२० च्या राष्ट्रीय धोरणानं सांगितलंय की २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक पदवी होणार. दोन वर्षं बिनमजुरीची काढताना मावशीचं घर वाकलं. चार वर्षं कुणाचं घर काढील? ज्याचं काढील त्याचीच पोरं मास्तर होतील. जातीचं नाव न घेता जात गाळून घ्यायची चाळणी अशी असते. दर धोरणागणिक तिची भोकं बारीक होत जातात.

आपल्यातलेच काही दोस्त म्हणतील, मास्तर होऊन काय क्रांती होणार? मास्तर झाला की प्लॉट घेतो, बंगला बांधतो, दारावर बुद्धविहाराचं चित्र लावतो आणि वस्तीचा रस्ता विसरतो. खरं आहे. मीही बघितलेत असे. पण त्यावरून वर्ग सोडून द्यायचा का? आपली पोरं सकाळी कुणाच्या तरी पुढं बसणारच आहेत. तो कुणीतरी आडनाव विचारून त्यांना मागच्या रांगेत बसवणारा असावा, की काट्यावर दोन किलो कोण खातो ते विचारणारा असावा? मोर्चा महिन्यातून एकदा निघतो. शाळा रोज भरते.

म्हणून आपल्या छावण्यांनी, वाचनालयांनी, विद्यार्थी संघटनांनी हा प्रश्न हातात घ्यावा. मागण्या सरळ आहेत. शाळेतल्या छात्रसेवाकालात दर दिवसाचं विद्यावेतन, आणि ते त्याच महिन्यात. शिकाऊच्या डोक्यावर रिकाम्या जागेचा वर्ग टाकायचा नाही. टाकला तर त्या जागेचा पगार द्या. शेरा लेखी हवा, कारणासकट, आणि त्यावर दाद मागायला जागा हवी, तीही त्या शाळेच्या बाहेरची. आणि शिकायच्या शाळा वस्तीजवळच्या, जिल्हा परिषदेच्या, नगरपरिषदेच्या असाव्यात. त्या शाळाच बंद पडू दिल्या तर शिकायचं कुठं आणि शिकवायचं कुणाला?

हे होईस्तोवर एक काम आपल्या हातात आहे. तुमच्या वस्तीत डी.एल.एड., बी.एड. करणारी कोण पोरगी आहे ते शोधा. तिचं एक महिन्याचं भाडं वर्गणीतून भरा. जयंतीच्या डीजेतून तेवढं सहज निघतं. तिला म्हणा, संध्याकाळी वाचनालयात येऊन पोरांना तास घे, टाचण नसलेला.

मी निघालो त्या सकाळी ती कार्डशीट गुंडाळून शाळेला चालली होती. अजून पाच आठवडे राहिलेत म्हणाली. मी विचारलं, सोडावंसं वाटत नाही? तर म्हणाली, "रोज वाटते. पण तो मागं बसते ना पोट्टा, तो आता पुढं बसून राहिला."

डॉकात आमची हजेरी मुकादम लावतो. हिची हजेरी कोण लावणार, ते आपण ठरवायचं आहे.

जय भीम.