डोल बंद होण्यापूर्वी

कोलकात्यास कामानिमित्त आलो की संध्याकाळी एस्प्लनेडला एक फेरी होतेच. या शहराने आपली गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली ती बहुधा याच परिसरात. मला इथे आठवतो तो फाळणीनंतरच्या निर्वासितांचा प्रश्न.

पंजाबात तिकडे गेलेल्यांच्या जमिनी इकडे आलेल्यांना देता आल्या. बंगालमध्ये लोक वर्षानुवर्षे येतच राहिले, आणि ते परततील ही आशा 1950 च्या नेहरू-लियाकत करारामागे होती. साहजिकच भर राहिला तो छावणी, शिधा आणि रोख 'डोल' यांवर. या मदतीने असंख्य प्राण वाचले, हे निर्विवाद. परंतु विधवा, वृद्ध व अपंग यांच्या छावण्यांना शासकीय भाषेत 'पर्मनंट लायबिलिटी' म्हणत. माणसांना कायमचे देणे ठरविणारा हा शब्द आमच्याच कोणा पूर्वसुरीने फाइलीवर लिहिला असेल.

1958 मध्ये दंडकारण्य प्रकल्प आला. कागदावर हा मदतीकडून विकासाकडे प्रवास होता. प्रत्यक्षात नदीकाठचा शेतकरी कोरापुट-बस्तरच्या पठारावर पाठविला गेला. छावण्या बंद करण्याची मुदत ठरली. शेताला पाणी केव्हा मिळेल, याची मात्र ठरली नाही. प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले सनदी अधिकारी शैबाल कुमार गुप्ता यांनी हे दोष 1965 मध्ये जाहीरपणे मांडले. पुढे 1978 मध्ये हजारो कुटुंबे तेथून निघून सुंदरबनातील मरिचझापी बेटावर आली. 1979 मध्ये नाकेबंदी व पोलिसी कारवाई करून त्यांना हटविण्यात आले. त्यात किती बळी गेले, याबद्दल आजही वाद आहे.

याउलट जादवपूरकडील विजयगडसारख्या वसाहती निर्वासितांनी स्वतः उभारल्या, शाळा काढल्या. कारण जागा त्यांनी निवडली होती आणि रोजगार जवळ होता.

2003 मध्ये यादवी संपलेला लायबेरिया असो वा आपल्या गडचिरोलीतील मुलचेऱ्याच्या बंगाली वस्त्या, प्रश्न एकच: मदतीनंतर काय? मदत आधी आणि विकास नंतर, ही आमची विभागणी खात्यांच्या सोयीची आहे. भुकेल्या कुटुंबाला दोन्ही एकाच वेळी हवे असते. माझ्या मते, जमिनीचा हक्क, पाणी आणि बाजार पोहोचल्याचा दाखला मिळाल्याखेरीज कोणत्याही अधिकाऱ्याला डोल बंद करण्याचा आदेश काढता येऊ नये. आणि त्या दाखल्यावर पहिली सही निर्वासिताची असावी.