नीटला गुण कमी पडले तरी बीडीएसचं दार बंद नाही. खरी अडचण दाखल्यांची आणि फीची

नीटचा निकाल लागला की नांदगाव, मनमाड, मालेगाव या पट्ट्यातल्या अनेक घरांत एकच प्रश्न असतो: एमबीबीएस तर हुकलं, आता काय? मग कुणी बीडीएसचं नाव काढतं. पण बारावीला टक्के कमी, नीटलाही गुण जेमतेम, असं असेल तर मुलगा किंवा मुलगी आधीच हिंमत हरते. नेमकं याच वेळी ‘मॅनेजमेंटमधून सीट करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटचा फोन येतो.

आधी नियम काय आहेत ते बघू. बीडीएससाठी बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि ओबीसीसह राखीव प्रवर्गांना 40 टक्के लागतात. ही फक्त पात्रतेची अट आहे. एकदा ती पूर्ण झाली की गुणवत्ता यादी नीटवरच लागते. बारावीला 55 टक्के आहेत की 90, याने यादीत फरक पडत नाही. ज्यांची 50 किंवा 40 ची अटच हुकली, त्यांना बोर्डाच्या श्रेणीसुधार परीक्षेचा रस्ता आहे.

नीटमध्ये खुल्या प्रवर्गाला 50 आणि राखीव प्रवर्गाला 40 पर्सेंटाइल लागतं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे, ही गफलत बऱ्याच पालकांची होते. 50 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्या मुलांच्या पुढे असणं. 2025 साली खुल्या प्रवर्गाची ही रेषा 720 पैकी 144 गुणांवर होती, म्हणजे जेमतेम 20 टक्के. ओबीसींसाठी ती 113 होती. पात्र झालं म्हणजे सीट मिळाली असं नाही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजांना याहून बरेच जास्त गुण लागतात. पण खासगी कॉलेजांचं गणित वेगळं आहे.

जागा रिकाम्या का राहतात?

देशात बीडीएसच्या जागा दरवर्षी रिकाम्या राहतात आणि त्या मुख्यतः खासगी कॉलेजांत. 2020-21 मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने त्या वर्षापुरतं बीडीएसचं किमान पर्सेंटाइल 10 ने कमी केलं. त्याच निकालात खासगी डेंटल कॉलेजांनी फी कमी करण्याचा विचार करावा, असंही म्हटलं. म्हणजे मुलं न येण्यामागे फी हे कारण आहे, हे न्यायालयालाही दिसत होतं.

पण ‘अट शिथिल होईल’ या भरवशावर कुणी पैसे मागत असेल तर सावध राहा. राजस्थानात 2016-17 मध्ये अधिकार नसताना शिथिलता दिली गेली आणि तिच्या आधारे प्रवेश झाले. त्या प्रकरणात डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी डेंटल कॉलेजांना प्रत्येकी 10 कोटींचा दंड ठोठावला. मधल्या काळात ती मुलं डिग्रीवर टांगती तलवार घेऊन कोर्टाच्या तारखा मोजत होती.

फीचं गणित कागदावर ठरतं

नाशिकच्या पंचवटीत, धुळ्यात, संगमनेरला खासगी डेंटल कॉलेजं आहेत. नांदगावहून ती फार लांब नाहीत. प्रश्न फीचा आहे, आणि तिथे बहुतेक घरांना माहीत नसलेली एक गोष्ट आहे.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमात सीईटी सेलच्या कॅप फेरीतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. मुलांना निम्मी सवलत आहे. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला तर ही सवलत जाते. म्हणजे एजंट जी सीट ‘करून देतो’ म्हणतो, तीच सगळ्यात महाग पडते.

महाराष्ट्रात मोमीन, बागवान, मनियार, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम जमाती ओबीसीत आहेत. 1994 च्या शासन निर्णयाने हा रस्ता अधिक मोकळा केला. तरीही आपली मुलं खुल्या प्रवर्गातून अर्ज भरतात, कारण कागदावर जमातच नसते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. तो जुन्या उर्दू किंवा मराठी शाळेच्या रजिस्टरात, जन्म-मृत्यूच्या नोंदीत किंवा चुलत घराण्यात कुणाला आधी मिळालेल्या व्हॅलिडिटीत सापडू शकतो. निकाल लागल्यावर तहसीलच्या चकरा मारून हे काम होत नाही. मूल दहावीत असतानाच ते सुरू करायला हवं. आधी जातीचा दाखला, मग नॉन-क्रिमीलेअर, मग नाशिकच्या समितीकडून व्हॅलिडिटी. ज्यांची जमात ओबीसीत नाही, त्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा.

आणखी एक चूक महागात पडते. कोचिंगसाठी मूल बाहेरच्या राज्यात पाठवलं आणि बारावीही तिथूनच केली, तर महाराष्ट्राच्या कोट्यातला हक्क धोक्यात येतो. कोचिंग कुठेही करा, पण दहावी आणि बारावी इथूनच व्हायला हवी.

अल्पसंख्याक कोटा

पुण्याच्या आझम कॅम्पसमधलं एम. ए. रंगूनवाला डेंटल कॉलेज मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाचं आहे. अशा संस्थेत 51 टक्के जागा समाजासाठी असतात. त्याही नीटच्या गुणांवरच भरतात, पण स्पर्धा आपल्यातच असल्याने कमी गुणांवरही संधी राहते. या कोट्यातून प्रवेश घेताना कोणती फीसवलत लागू होईल, हे कॉलेजकडून लेखी विचारून घ्या. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आणि महाडीबीटीवरची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही तपासा. दागिने आणि जमीन यांचा विचार त्यानंतर.

नीट पुन्हा देण्याचाही पर्याय आहे. तिला वयाची वरची मर्यादा नाही, प्रयत्नांचीही नाही. पण घरात एक साल थांबायची ताकद आहे का, हे मुलाला विचारून ठरवा. बीडीएस ही इंटर्नशिप धरून पाच वर्षांची वाट आहे आणि पुढे स्वतःचा दवाखाना उभारायला पुन्हा भांडवल लागतं. केवळ नावापुढे ‘डॉक्टर’ लागावं म्हणून ती धरू नये.

समाजात गुणवंतांचे सत्कार भरपूर होतात, ते व्हायलाही हवेत. पण नांदगावसारख्या गावात मशीद कमिटी, जमात किंवा तरुणांच्या मंडळाने वर्षातून दोन रविवार दाखल्यांचं शिबिर घेतलं, जुन्या शाळांची रजिस्टरं शोधायला मदत केली, तर 130-140 गुण मिळवलेल्या मुलीला त्याचा जास्त उपयोग होईल. ती नापास झालेली नाही. तिचे कागद तयार असतील, तर तिची फी सरकार भरणार आहे.