सेवेच्या दाराशी बँकेचे पासबुक

आजच्या तरुणांना सेवा नको, फक्त नोकरी हवी, हे वाक्य मी व्यासपीठांवरून इतक्यांदा ऐकले आहे की आता ते ऐकवत नाही. खैरलांजीत राहून मला दिसते ते याच्या अगदी उलट आहे.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मुलीने परदेशातल्या सेवाशिबिरासाठी अर्ज केला. परिचारिकेचे शिक्षण झालेले. घरी पोवारी, शाळेत हिंदी, आजोळी मराठी. निवड झाली आणि पाठोपाठ पत्र आले : विमानभाडे तुमचे, विमा तुमचा, शिवाय सहभागाचे शुल्कही तुमचेच. फुकट राबायचे आणि त्यासाठी वर पैसे मोजायचे!

पैसे उसने मिळालेही असते. पण युरोपचा व्हिसा नुसत्या पैशाने मिळत नाही. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज फेटाळला तरी ते परत नाही. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा, बँकेच्या खात्याचे उतारे हवेत, बहुधा प्राप्तिकराचे विवरणपत्रही हवे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. मग धान पिकवणाऱ्या बापाने ते आणायचे कोठून? त्याहून कठीण म्हणजे मुदतीत परत जाल याचा पुरावा. एकवीस वर्षांच्या, अविवाहित, अजून नोकरी नसलेल्या मुलीने तो कोणत्या पेटीतून काढावा? सेवेला निघालेले माणूस आधी संशयित ठरते! त्या मुलीने अर्ज मागे घेतला. तिला हौस नव्हती, असे आता कोणी म्हणून पाहावे.

काही सुज्ञ म्हणतील, आधी गावाची सेवा करा, परदेश कशाला? त्यांना मी वरोऱ्याची आठवण देतो. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण आनंदवनात आले, बाबा आमट्यांबरोबर राबले. कुष्ठरोग्यांकडे आपली माणसे फिरकत नव्हती, तेव्हा या परक्यांनी तेथे घाम गाळला. त्यांना कोणी ‘आधी आपले गाव पाहा’ असे सुनावले नाही. मग हा रस्ता एकेरी का?

आणि तो नेहमीच एकेरी नव्हता. १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनमध्ये पाच भारतीय डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. तेव्हा नागपूर आणि आमचा बालाघाट एकाच प्रांतात होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच वारले. या पथकासाठी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले आणि लोकांनी वर्गणी दिली. १९६१ पासून १९७६ पर्यंत अमेरिकेच्या पीस कोअरचे तरुण भारतात येत होते, तेही त्यांच्या सरकारच्या खर्चाने. स्वयंसेवकाने स्वतःच्या खिशातून सेवा विकत घ्यावी, ही रीत ना त्यांची होती ना आपली.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष स्वयंसेवकांचे म्हणून जाहीर केले आहे. भाषणे भरपूर होतील. माझे मागणे साधे आहे : ज्या संस्था जगभरातून हात मागतात, त्यांनी त्या हातांचे भाडे द्यावे आणि हमीही घ्यावी.

पण दोष सगळा परक्यांचा नाही. मुलगा दुबईला नोकरीला निघाला तर आपण शेत गहाण टाकतो. मुलगी चार महिने सेवेला जाते म्हटले की ‘लोक काय म्हणतील’ सुरू! दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरेल, दंडारीसाठी वर्गणी निघेल. ती निघालीच पाहिजे. त्याच पावतीपुस्तकात एक पान अशा मुलीसाठी का असू नये? बँकेचे पासबुक तिच्याजवळ नसेल. तिच्यामागे एक अख्खे गाव उभे असेल.