तीस दिवस थांबायची सोय

पत्रकारिता शिकायला विद्यापीठात कशाला जायचं, ती बीटवर फिरून आपोआप येते, असं जुने वार्ताहर अजूनही सांगतात. बीटवर खूप काही शिकता येतं, हे खरंच. पण तिथे सवड मिळत नाही. जिल्हा आवृत्तीची पानं लवकर सुटतात. संध्याकाळपर्यंत बातमी दिली नाही, तर तुमच्याविना अंक निघतो. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट असो की तालुक्याच्या गावातलं छोटं महाविद्यालय, माझ्या मते अभ्यासक्रमाची खरी किंमत या सवडीत आहे.

एका वर्गात मी मुलांपुढे तालुक्याची पैसेवारीची, म्हणजे पीककापणीच्या प्रयोगांवरून गावागणिक काढलेल्या पिकाच्या अंदाजाची, यादी ठेवली होती. निम्मी मुलं शेतकऱ्यांची, तरी यादी कुणी वाचली नव्हती. पैसेवारी पन्नासच्या खाली गेली, की टंचाईच्या सवलती लागू होऊ शकतात : जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी. म्हणजे वर्गातल्या मुलांची स्वतःची फीसुद्धा त्या आकड्यावर ठरणार! एका विद्यार्थिनीने यादीत आपलं गाव शोधलं. ते पन्नासच्या वर होतं आणि ओढ्यापलीकडचं गाव खाली. तिने रागारागाने बातमी लिहून आणली. पहिल्याच वाक्यात ‘अन्याय’.

‘‘पीककापणीचा प्रयोग कुठल्या शेतात झाला?’’ मी विचारलं.

‘‘ते तलाठ्यांनाच माहीत, सर.’’

‘‘मग त्यांना विचारून ये.’’

ती गेली. तलाठ्यांना भेटली, शेतकऱ्यांना भेटली, बांधावर उभी राहून आली. निवडलेली शेतं विहिरीजवळची होती, कोरडवाहू रान राहून गेलं होतं. दुसऱ्या खेपेच्या बातमीत ‘अन्याय’ हा शब्द नव्हता. गट नंबर होते, दोन्ही बाजूंचं म्हणणं होतं. पहिलीपेक्षा ती कितीतरी जास्त बोचणारी होती.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि २००५च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. रोजच्या बातमीदाराला तीस दिवस परवडत नाहीत, विद्यार्थ्याला परवडतात. उत्तर आलं नाही, तर अपील कसं करायचं, हेही तो याच वयात शिकू शकतो. एफआयआर कसा वाचायचा, जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात अखर्चित निधी कुठे शोधायचा, पोस्टमार्टेमचा अहवाल हाती येण्याआधी काय लिहू नये, हे सगळं शांतपणे चुकत, दुरुस्त करत शिकायची जागा म्हणजे वर्ग. कॅमेऱ्यापुढे उभं राहणं मुलं घरूनच शिकून येतात. त्यावर दोन सत्रं घालवणाऱ्या संस्थांचा मला मनापासून राग येतो, कारण कर्ज काढून फी भरणारे आईबाप असतात आणि सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो.

प्रवेश घेण्याआधी पत्रकारितेच्या विभागात जा आणि विद्यार्थ्यांनी काढलेले प्रायोगिक अंक मागा. त्यातल्या किती बातम्या जागेवर जाऊन केल्यात आणि किती प्रेसनोटवरून उतरवल्यात, ते बघा. मगच फी भरा.